हेडलीचा एकुलता एक मोठा शब्द

माझ्या भावाकडे मोठा शब्द एकच होता. बायका चांगला टी-सेट पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवतात ना, तसा त्यानं तो चाळीस वर्षं जपून ठेवला होता. आणि वापरायला काढला तो अख्ख्या गावासमोर, तेही भलत्याच जागी.

शब्द होता ‘इल्यूट्रिएट’. हेडली पेनहेलच्या चिनी मातीच्या खाणीत पंपावर होता. खाणीच्या वरच्या अंगाला साहेबलोकांची प्रयोगशाळा होती आणि तिच्या दारावर हा शब्द पांढऱ्या रंगानं लिहिलेला होता. हेडली रोज सकाळी त्या दारावरून जायचा. नवीन लागला तेव्हा एक दिवस धीर करून त्यानं आतल्या चष्मेवाल्याला विचारलं, की साहेब, हे काय असतं. चष्मेवाला म्हणाला, “खाली तुम्ही लोक दिवसभर जे करता तेच.” तोवर हेडलीला वाटत होतं आपण नुसती माती धुतो. त्या संध्याकाळी तो छाती काढूनच घरी आला.

आता हे ‘तेच’ म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. डोंगरातून चिनी माती निघते ती काही कपबशी होऊन निघत नाही. तिच्यात रेती असते, अभ्रक असतं, खडे असतात. ती कुटायची नाही की चाळायची नाही. पाण्यात कालवायची आणि लांबलचक उथळ पाटांतून सोडायची. पाणी इतक्या बेतानं जाऊ द्यायचं की जड असेल ते वाटेत खाली बसतं आणि मऊ, बारीक माती पाण्याबरोबर पुढे हौदात जाते. म्हणजे रोळणंच ते. तांदूळ रोळताना खडे तळाला राहतात, तसंच. पाणी घाईनं सोडलं तर रेतीही पुढे जाते, फार रेंगाळलं तर मातीही मागेच बसते. सगळी अक्कल काय ती पाण्याच्या चालीत.

मी आयव्ही वार्को, हेडलीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तिनं मला सांगितलं, “त्याच्याकडे बघ गं.” बघतेच आहे. तेवीस वर्षं मी त्या माणसाचे मोजे धुतले. एकसष्टाव्या वर्षी तो पंपावरून निवृत्त झाला आणि दिवसभर घरात बसायला लागला, तेव्हा मी देवाला स्वच्छ सांगितलं की बाबा रे, माझी पाळी संपली, आता दुसरं कुणीतरी बघ.

देवानं अर्सुला केलो बघितली. अर्सुला आमच्या चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची. विधवा होऊन तिला नऊ वर्षं झाली होती. तिच्या स्वयंपाकघराची फरशी इतकी घासलेली असायची की पाय ठेवणं जिवावर यायचं. चार वर्षांपूर्वी तिच्या अंगणातला हातपंप बिघडला म्हणून हेडली दुरुस्त करायला गेला आणि चिखलाच्या बुटांनी सरळ आत शिरायला लागला. अर्सुलानं दारातच हात आडवा धरला. “मिस्टर वार्को, बूट.” तो बूट काढून उभा राहिला, तर मोज्याला भोक. तिनं भोकाकडे पाहिलं, मग माझी आठवण काढली असणार, आणि आतून सपाता आणून त्याच्यापुढे ठेवल्या. पुढे तो दर शनिवारी चहाला जायला लागला आणि त्या सपाता तिच्या दाराशी कायमच्या राहिल्या. हेडलीच्या सपाता.

चार वर्षांत तिनं त्याला कसं बदललं, काय सांगू. मी तेवीस वर्षं सांगत होते तर पालथ्या घड्यावर पाणी. ती एकदाही ओरडली नाही. तो बशीत चहा ओतून फुर्र करून प्यायला लागला की ती नुसती कपाकडे बघायची, की हा बशी खाली ठेवायचा. नखं कापायला लागला. शिंक आली की रुमाल. एकदा मला म्हणाला, “आयव्ही, पेस्टी खाताना तोंड मिटून खातात.” मी तीच मांस-बटाट्याची मोठी करंजी करत होते; हातातलं लाटणं खाली ठेवलं, कारण वर ठेवलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही.

मे महिन्यात त्यानं तिला मागणी घातली आणि ती हो म्हणाली. चॅपलच्या वर्धापनाच्या चहाला सगळ्यांना सांगायचं ठरलं. मी आनंदानं केशराचे बन साठ केले, नेहमी चाळीस करते.

चहा रविवारशाळेच्या हॉलमध्ये होता. भिंतीवर बायबलातल्या दहा आज्ञा सोनेरी अक्षरांत लिहिलेल्या आहेत, एकाखाली एक. हेडली बोलायला उभा राहिला तो नेमका तिथे. कोपऱ्यात चहाचा मोठा बंब सूं सूं करत होता आणि बंबाजवळ ऑलिव्ह ट्रस्कॉट होती. ऑलिव्ह म्हणजे आमच्या गावचं वर्तमानपत्र, फक्त छापायच्या आधी कुणी तपासत नाही. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं आणि त्या दिवशी डावाच कान हेडलीकडे होता.

हेडलीनं टायची गाठ चाचपली. “मित्रहो,” तो म्हणाला, “मिसेस केलो आणि मी लग्न करणार आहोत.” टाळ्या पडल्या. तिथे खाली बसायचं की नाही? पण टाळ्या ऐकून ह्या बाबाला उत्साह आला. चाळीस वर्षांचा टी-सेट बाहेर काढायचा होता ना. “मी कसा माणूस होतो, तुम्हाला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “पण गेली चार वर्षं, दर शनिवारी संध्याकाळी, मिसेस केलो यांनी त्यांच्या घरी मला अगदी पुरतं इल्यूट्रिएट केलंय.”

ऑलिव्हला ऐकू आलं ‘अडल्टरेट’. आता त्या शब्दाचा खरा अर्थ दुधात पाणी घालणं, भेसळ करणं एवढाच. पण ऑलिव्हच्या डोक्यात दुधाआधी त्याचं सख्खं भावंड आलं, अडल्टरी. म्हणजे व्यभिचार. सोनेरी अक्षरांत सातवी आज्ञा, ‘व्यभिचार करू नकोस’, हेडलीच्या टकलाच्या बरोबर वर. ऑलिव्ह शेजारणीला म्हणाली, “ऐकलंस? दर शनिवारी म्हणतोय.” तिला वाटलं आपण कुजबुजलो. बहिऱ्या माणसाची कुजबुज मागच्या बाकापर्यंत गेली.

सगळ्या हॉलनं आधी सातवी आज्ञा वाचली, मग हेडलीकडे पाहिलं, मग अर्सुलाकडे. अर्सुलाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवून, आणि उठून गेली. हेडली अजून हसत होता. त्याला वाटलं ती भारावली.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायरीवर वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं. उघडलं तर सपाता. चिठ्ठी नाही, काही नाही. सपाताही धुऊन, वाळवून पाठवलेल्या.

हेडली सपाता मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. “माझं काय चुकलं?” तो म्हणाला.

“तू तोंड उघडलंस,” मी म्हणाले.

“मी तर तिचं कौतुक केलं.”

“गावानं काय ऐकलं ते ठाऊक आहे का?” मी त्याला सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, मी जाऊन गावाला समजावतो. मी म्हणाले, घराबाहेर पाऊल टाकशील तर बघ, एका शब्दानं एवढं केलंस, दहा शब्दांनी काय करशील.

पुढच्या रविवारी ऑर्गन बंद, आम्ही स्तोत्रं नुसतीच गायलो आणि पुरुषमंडळी तिसऱ्या कडव्यापर्यंत दोन सूर खाली गेली होती. घरी हेडली पुन्हा चहा बशीत ओतायला लागला. मोजे खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकायला लागला. एका रात्री मी पाहिलं तर पेस्टी तशीच ताटात, आणि हा तिच्याकडे बघत बसलेला. मग मात्र मला माझ्या भावाचं वाईट वाटलं. राग होता, पण त्याहून वाईट जास्त वाटलं. मोजे काय, आणखी तेवीस वर्षं धुतले असते, पण हा माणूस असा बघवत नव्हता.

मंगळवारी मी खाणकामगारांच्या वाचनालयात गेले. तिथला मोठा शब्दकोश बाहेर न्यायला परवानगी नाही. म्हणून मी तो विचारल्याशिवाय कोटाखाली घातला आणि पोट धरून टेकडी चढले. वाटेत ऑलिव्ह भेटली. माझ्या पोटाकडे बघत राहिली. वार्को घराण्याचा आता तिला कसलाच भरवसा नव्हता.

अर्सुलानं दार उघडलं. मी बूट काढले, टेबलावर शब्दकोश ठेवला आणि म्हणाले, “हे वाच. ऑलिव्हनं ध चा मा केलाय.”

तिनं भिंग आणलं. बोट ठेवून वाचलं. “पाण्यानं धुऊन, जड कण खाली बसू देऊन, बारीक कण वेगळे करणे. शुद्ध करणे.” पुन्हा एकदा वाचलं. तिचे खांदे हळूहळू खाली आले. “असं होय,” ती म्हणाली. मला वाटलं जिंकले. मी मनातल्या मनात लग्नाच्या केकच्या मनुका मोजायला लागले.

तेवढ्यात तिनं भिंग खाली ठेवलं. “म्हणजे तो माती,” ती म्हणाली.

“हो, तो मातीच.”

“आणि मी पाणी.”

“चांगलं आहे की.”

“आयव्ही, माती धुऊन झाली की पाण्याचं काय करतात?”

आमच्याकडची नदी बघितलेल्या माणसाला हे विचारायला लागत नाही. लहानपणापासून ती दुधासारखी पांढरी वाहते, खाणीखाणीतून सोडून दिलेल्या पाण्यानं.

अर्सुला खिडकीबाहेर बघत म्हणाली, “एक माणूस मी धुतलाय. लग्न झालं तेव्हा केलो दारूच्या पिंपात असायचा. अकरा वर्षं लागली. दारू सुटली, शिव्या सुटल्या, गळ्यात इस्त्रीची कॉलर आली. मग लोक त्याला प्रवचनाला बोलवायला लागले. आज ह्या गावी, उद्या त्या गावी. सगळे म्हणायचे, केलो म्हणजे सोनं. तू जेवलीस का, एवढं त्यानं मला मरेपर्यंत विचारलं नाही. तो स्वच्छ झाला आणि मी नदीत गेले. पुन्हा नाही जायचंय मला.”

ही मात्र गावगप्प नव्हती. हिला शब्दकोशात उत्तर नव्हतं. मी म्हणाले, “अगं, हेडली तसा नाही.”

“तू बहीण आहेस, तू म्हणणारच. त्याला शनिवारी पाठव. हा शब्द मला करून दाखवायला सांग, इथे, ह्या टेबलावर. शेवटी पाण्याचं काय करतो ते मला बघायचंय. पण त्याला यातलं अक्षर सांगायचं नाहीस. बायबलवर हात ठेव.”

बायबल जवळ नव्हतं. मी शब्दकोशावर ठेवला. तोही जाडजूड होता.

तुम्हाला सांगते, मंगळवार ते शनिवार मी जीभ कशी आवरली ते माझं मला माहीत. मला हेडली ठाऊक आहे. भांड्यात उरलेलं काहीही तो दार उघडून अंगणात भिरकावतो. तेवीस वर्षं माझी फुलझाडं त्याच्या चहाच्या गाळावर वाढली. म्हणजे त्या बाईनं परीक्षा घेतली ती नेमकी जिथे हा नापास होणार तिथे.

शनिवारी तो निघाला तो एखाद्या कंत्राटदारासारखा. एका हातात खाणीवरून आणलेल्या कच्च्या मातीची बादली, खांद्यावर छपराच्या पत्र्याची पन्हळ, खिशात तुरटीचा खडा. मी मागून टब घेऊन. अर्सुलाच्या दारात त्यानं स्वतःहून बूट काढले. सपाता मागायची हिंमत झाली नाही. नुसत्या मोज्यांवर त्या थंडगार फरशीवर उभा राहिला. मोजे मी त्या दिवशी खास बिनभोकाचे दिले होते.

“मिसेस केलो,” तो म्हणाला, “थोडं सांडेल.”

“सांडू दे, मिस्टर वार्को,” ती म्हणाली. हे ऐकून मी खुर्ची ओढून बसले.

पन्हळीचं एक टोक त्यानं टेबलावर दोन हिशेबाच्या जाड वह्यांवर टेकवलं, दुसरं टबात सोडलं. बादलीत पाणी घालून हातानं माती कालवली आणि जगनं पन्हळीत ओतायला लागला. पहिल्यांदा नुसता चिखल आला. पाणी पन्हळीच्या काठावरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर. अर्सुलानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. हेडलीनं बेत सुधारला. मग मात्र वरच्या टोकाला रेती बसायला लागली, मध्ये अभ्रकाची चकचकीत रेघ उमटली आणि खाली टबात पांढरं दूध जमायला लागलं. हेडलीची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. इतका सुखी मी त्याला महिन्यात पाहिला नव्हता.

“आता तुरटी,” तो म्हणाला आणि टबात खडा फिरवला. “आता थांबायचं. माती बसेस्तोवर. घाई करून काही होत नाही.”

तेवढ्यात दार ढकलून ऑलिव्ह ट्रस्कॉट आत आली. स्तोत्रांची वही परत द्यायला, म्हणे. तिनं पाहिलं, हेडली कोपरापर्यंत बाह्या सारून, पायात बूट नाहीत, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.

“हे काय चाललंय?” ती म्हणाली.

अर्सुला तिच्या उजव्या कानाशी गेली आणि प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाली, “मिस्टर वार्को मला इल्यूट्रिएट करून दाखवतायत, ऑलिव्ह. शनिवार आहे ना. बसायचं असेल तर बूट काढ.”

ऑलिव्ह वही टाकून गेली. फाटकाची कडीसुद्धा लावली नाही.

आम्ही दोन किटल्या चहा प्यायलो. हेडलीनं कपातून प्यायला. टबात माती तळाला बसत गेली, साईसारखी, आणि वर पाणी निवळत गेलं. इतकं स्वच्छ की टबाच्या तळाचा पांढरा, लोण्यासारखा थर दिसत होता. हेडलीनं जगनं वरचं पाणी अलगद काढून बादलीत घेतलं. मग तळातली चिमूटभर माती बोटावर घेऊन अर्सुलाच्या तळहातावर ठेवली. तिनं ती दुसऱ्या बोटानं चोळली. रेतीचा कणसुद्धा लागला नाही.

“छान आहे,” ती म्हणाली. मग बादलीकडे बघून, अगदी सहज विचारल्यासारखं, “आता हे पाणी?”

मी कप खाली ठेवला. हेडलीनं बादलीची कडी धरली, उचलली, आणि दाराच्या दिशेनं वळला. माझ्या मनात आलं, संपलं. आईला काय तोंड दाखवू.

तो दाराकडे नव्हता वळला. दाराशेजारच्या ओट्यावर मोकळा जग होता, तो घ्यायला वळला होता. परत आला, पाणी पुन्हा जगात भरलं आणि पन्हळीच्या वरच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. मग अर्सुला अजून आपल्याकडेच बघतेय हे त्याच्या लक्षात आलं.

“पाण्याचं काय?” तो म्हणाला. “ते परत वर. नेहमीच परत वर.”

“टाकत नाही?”

“टाकतात काही खाणींत. नदी बघा ना कशी झाली ती.” त्याला प्रश्नच नीट कळला नव्हता. “आमच्याकडे नाही टाकू दिलं मी. पंप मग कशाला होता? माती काय, अख्खा डोंगर आहे. पाणी सांभाळायला लागतं, मिसेस केलो. पाणी गेलं की खाण बंद.”

इतकी वर्षं कुणी विचारलं, की मी सांगायची, हेडली पंपावर आहे. पंप काय करतो ते मी कधी विचारलं नव्हतं. मला मेलीला वाटायचं तो पाणी बाहेर काढतो.

अर्सुलानं एप्रनला हात पुसले, उठली आणि पन्हळीचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं. हेडलीनं जग वाकवला. पाणी धबकन आलं.

“हळू,” ती म्हणाली. “हळू ओत, हेडली.”

चार वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली. त्यानं जग सरळ केला, श्वास घेतला आणि पुन्हा ओतायला लागला, अगदी बारीक धारेनं.

“आयव्ही,” अर्सुला माझ्याकडे न बघता म्हणाली, “ह्याचे पाय गारठलेत.”

मी कोट घातला आणि घरी गेले. सपाता खुर्चीखाली होत्या, त्या पिशवीत घातल्या. मग कपाट उघडून त्याचे मोजेही घातले, सगळे, अकरा जोड, धुतलेले. पिशवी भरली तरी मी थोडा वेळ तिथेच बसून राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते टेकडीवर कुणाला, विशेषतः ऑलिव्हला, दाखवायचं नव्हतं.